विटा मोजणाऱ्या बाई

आजच्या व्याख्यानाच्या पत्रिकेत विषय छापलाय, 'रोमन भिंतीचं वय कसं ओळखावं'. त्याकडे आणि ती पद्धत बसवणाऱ्या एस्थर व्हॅन डेमन बाईंकडे येतोच. पण आधी पँथिऑनचं माझं जुनं दुखणं काढतो. ज्यांनी ते पूर्वी ऐकलंय त्यांनी कृपया चेहरे सरळ ठेवावेत.

पँथिऑन म्हणजे रोममधलं प्राचीन देवालय. त्याच्या कपाळावर ठसठशीत कोरलंय : लुसियसचा मुलगा मार्कस अग्रिप्पा याने तिसऱ्यांदा कॉन्सल असताना हे बांधलं. अग्रिप्पा म्हणजे सम्राट ऑगस्टसचा सेनापती, आणि कॉन्सल म्हणजे रोमचा वर्षावर्षाला निवडला जाणारा सर्वोच्च अधिकारी, त्यामुळे नावावरून साल ठरतं : इ.स.पू. 27. विद्वानही शतकानुशतकं हेच वाचत आले. मग 1892 मध्ये शेदान नावाच्या फ्रेंच वास्तुविशारदाने भिंतीतल्या विटा तपासल्या, तर त्यांवरचे शिक्के निघाले इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातले! अग्रिप्पाला जाऊन तोवर शंभरावर वर्षं लोटली होती. सम्राट हाड्रियनने नव्या इमारतीवर जुन्या माणसाचं नाव राहू दिलं. कोनशिलेवर नाव एकाचं आणि काम दुसऱ्याचं, हे तुम्हाला समजावून सांगायला नको. पण सत्ता हातात असून आपणहून दुसऱ्याचं नाव लावणारा कुणी तुमच्या माहितीत असेल, तर चिठ्ठी पाठवा. थांबतो.

दुखणं असं की हा पुरावा भिंतीत होता आणि आम्ही शिकवत राहिलो खांब. परीक्षेत प्रश्न ठरलेला : खांबांच्या तीन शैली, डोरिक, आयोनिक, कोरिंथियन, आकृत्या काढा. मी जन्मभर त्या तपासल्या. कोरिंथियनची पानं निम्म्या पोरांच्या हातून कोथिंबिरीच्या जुडीसारखी उतरायची. भिंतीवर प्रश्न? कधीच नाही.

म्हणून एस्थर व्हॅन डेमन. जन्म 1862, अमेरिकेतल्या ओहायोत. 1898 मध्ये शिकागो विद्यापीठाची पीएच.डी., विषय वेस्टा या रोमन अग्निदेवीची उपासना. मग महिला महाविद्यालयांतून लॅटिन शिकवणं. 1907 मध्ये रोमच्या फोरममध्ये, म्हणजे प्राचीन शहराच्या मुख्य चौकात, वेस्टाच्याच पुजारिणींच्या वाड्यात त्या एक व्याख्यान ऐकत होत्या. ऐकता ऐकता नजर गेली एका बुजवलेल्या दाराकडे. दार बुजवलेल्या विटा आणि भोवतालच्या भिंतीच्या विटा एकसारख्या नव्हत्या. (श्रोत्याचं लक्ष भिंतीकडे गेलं तर वक्त्याने वाईट वाटून घेऊ नये. मागच्या रांगेला ही सवलत आजही आहे.) असा फरक इतरांनाही दिसला असेल, बाईंनी त्याची पद्धत केली. 1909 मध्ये त्या वाड्यावरचं पुस्तक आलं, 1912 मध्ये पद्धत मांडणारा निबंध. मिशिगनला रोमन पुरातत्त्वाचं प्राध्यापकपद मिळालं ते मात्र 1925 मध्ये, साठी उलटल्यावर.

संयोजक घड्याळ दाखवतायत. मग विषय झपाट्याने.

रोमन भिंत विटांची दिसते, पण वीट फक्त दर्शनी असते. आत चुना, ज्वालामुखीची माती आणि दगडाचे तुकडे यांचं काँक्रीट. बऱ्याचदा मोठी वीट तोडून त्रिकोण करायचे आणि टोक आत रोवायचे. बाईंनी विटेची जाडी मोजली, दोन थरांमधल्या चुन्याच्या सांध्याची जाडी मोजली, विटेचा रंग आणि चुन्यातली माती पाहिली. ढोबळ कल असा, की काळ पुढे सरकतो तशी वीट पातळ होते आणि सांधा जाडावतो.

शिक्के असताना हा खटाटोप कशाला? एक तर शिक्का प्रत्येक विटेवर नसतो. शिवाय तो वीट कधी घडवली ते सांगतो, भिंत कधी उभी राहिली ते नाही. इ.स. 123 च्या कॉन्सलांची नावं असलेल्या विटा रोममध्ये ढिगाने सापडतात. त्या सगळ्या त्याच वर्षी लागल्या असं धरलं की घोटाळा. मोजमापही एकट्याने पुरत नाही, कारण पाडलेल्या इमारतींच्या विटा पुन्हा वापरत. म्हणून दोन्ही एकत्र वाचायचं, आणि दारावरची पाटी सगळ्यात शेवटी.

जलसेतूंच्या स्लाइड राहिल्या. थोडक्यात, तीच नजर घेऊन ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ टॉमस अ‍ॅशबींबरोबर बाई रोमभोवतीचे जलसेतू पायी धुंडाळत हिंडल्या, 1934 मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला आणि 1937 मध्ये रोममध्येच वारल्या. रोमन बांधकामावरचं त्यांचं उरलेलं काम अमेरिकन पुरातत्त्वज्ञ मॅरियन ब्लेक यांनी हाती घेतलं, त्याचा पहिला खंड 1947 चा. त्यावर चहाच्या वेळी गाठा मला.