कॅन्ससची पावती

(दृश्य: किराणा दुकानाचा गल्ला. पट्ट्यावरून सरकणारं दूध, पाव, अंडी, बटाटे.)

अमेरिकेतलं कॅन्सस राज्य, २०१५. शंभर डॉलरचा किराणा घेतला, तर त्यावर साडेसहा डॉलर राज्य सरकारचे. शहराचा आणि काउंटीचा, म्हणजे जिल्ह्याचा, कर वेगळा. जुलै २०१५ मध्ये कॅन्ससनं विक्रीकर ६.१५ वरून ६.५ टक्क्यांवर नेला, आणि दुधापावालाही त्यातून सूट नव्हती. सिगारेटचं पाकीटही पन्नास सेंटनं महागलं.

हे सगळं कर कमी करणाऱ्या सरकारनं केलं. आणि ते कर खरंच कमी झाले होते, यात खोटं काही नाही. फक्त कोणाचे, ते बघायला तीन वर्षं मागं जावं लागेल.

(दृश्य: राजधानी टोपेका. विधानभवनाचा घुमट.)

मे २०१२. रिपब्लिकन गव्हर्नर सॅम ब्राउनबॅक यांनी करकपातीच्या कायद्यावर सही केली. आयकराचा वरचा दर ६.४५ वरून ४.९ टक्क्यांवर आला. पण खरी मेख पुढं होती. एलएलसी (मर्यादित जबाबदारीची कंपनी), भागीदारी किंवा स्वतःच्या नावावरचा धंदा यांतून मालकाला मिळणाऱ्या नफ्यावर राज्याचा आयकर थेट शून्य. म्हणजे वकिलांच्या फर्ममध्ये भागीदाराच्या नफ्याला कर नाही, आणि त्याचीच पत्रं टाइप करणाऱ्या बाईच्या पगाराला आहे. ही सवलत दोनेक लाख लोक घेतील असा अंदाज होता. संख्या तीन लाखांच्या वर गेली. जाणारच. पगाराचा नफा करून दाखवता येत असेल, तर हुशार माणूस पगार कशाला घेईल?

याच कायद्यानं आणखी एक गोष्ट गुपचूप केली. किराण्यावर भरलेल्या विक्रीकरापोटी गरीब कुटुंबांना मिळणारा परतावा काढून टाकला.

सल्लागार होते अर्थतज्ज्ञ आर्थर लाफर. कर घटवला की उद्योग वाढतो आणि तिजोरी आपोआप भरते, या सिद्धांताचे ते जुने पुरस्कर्ते. राज्यानं त्यांना ७५,००० डॉलर मोजले. ब्राउनबॅक यांनी लिहिलं, ही करकपात म्हणजे कॅन्ससच्या अर्थव्यवस्थेच्या हृदयात दिलेलं अॅड्रेनालिनचं इंजेक्शन ठरेल.

हे विधेयक मंजूर कसं झालं, तो किस्सा सांगायलाच हवा. सिनेटनं ते आधी फेटाळलं होतं. वाटाघाटी चालू राहाव्यात, तूर्त पुढं जाऊ द्या, अशी गळ गव्हर्नरांनी घातली, म्हणून पुन्हा मतदान होऊन ते पुढं सरकलं. खालच्या सभागृहात त्याला कात्री लागेल, असं सगळे धरून चालले होते. खालच्या सभागृहानं ते जसंच्या तसं मंजूर करून टाकलं. त्याच ऑगस्टमध्ये पक्षांतर्गत निवडणुकीत मवाळ रिपब्लिकन सिनेटरांचा सफाया झाला. सिनेटचे अध्यक्ष स्टीव्ह मॉरिससुद्धा हरले.

(दृश्य: निवडणुकीच्या पाट्या, मक्याची शेतं.)

२०१४ ची निवडणूक आली तेव्हा महसूल वर्षभरात सुमारे ७० कोटी डॉलरनं घसरला होता, राज्याचं पतमानांकन उतरलं होतं. शंभरहून जास्त आजी-माजी रिपब्लिकन पुढाऱ्यांनी डेमोक्रॅट पॉल डेव्हिस यांना उघड पाठिंबा दिला. तरी ब्राउनबॅक चार टक्क्यांहून कमी फरकानं निवडून आले. मतदान ४ नोव्हेंबरला. आठवडा उलटायच्या आत महसुलाचा नवा अंदाज आला: जूनपर्यंत जवळजवळ २८ कोटी डॉलर कमी पडणार. मतदारांनी शिक्का मारला तेव्हा हा आकडा त्यांच्यासमोर नव्हता.

मग २०१५. रस्त्यांचा निधी दुसरीकडे वळवला गेला. पैसे पुरेनात म्हणून काही शाळा ठरल्या दिवसाआधीच उन्हाळी सुट्टीवर गेल्या. आणि याच वसंतात गरिबांना शिस्त लावणारा कायदा आला.

(दृश्य: एटीएम. बाहेर येणाऱ्या नोटा.)

सरकारी मदतीची रोकड कुठं खर्च करायची नाही, त्याची यादीच कायद्यात होती. सिनेमागृह, पोहण्याचा तलाव, नखं रंगवून देणारं सलून, ज्योतिषी. आणि क्रूझ जहाज! कॅन्ससला समुद्र नाही. नकाशा बघा, ते देशाच्या अगदी मधोमध आहे. शिवाय एटीएममधून दिवसाला २५ डॉलरच काढायचे. आता यंत्रातून नोट निघते विसाची, म्हणजे हातात वीसच. घरभाडं रोकडीत द्यायचं असेल, तर मदत घेणाऱ्या आईनं रोज यंत्रापुढं उभं राहायचं आणि दर खेपेला शुल्क भरायचं. केंद्राच्या नियमात हे बसत नव्हतं, म्हणून ही मर्यादा मागं घ्यावी लागली.

पण मला ती यादी विसरता येत नाही. एलएलसीच्या मालकाला कोणी विचारलं नाही की वाचलेल्या करातून कामगार ठेवलास की क्रूझवर गेलास. प्रश्न फक्त त्या आईला.

बचाव करणारे म्हणत, तेल आणि धान्याचे भाव पडले, विमानांचा धंदा मंदावला. त्यात तथ्य होतं. पण शेजारचं नेब्रास्कासुद्धा शेतीवरच जगतं, आणि रोजगारवाढीत ते कॅन्ससच्या पुढं राहिलं.

(दृश्य: सभागृहातला मतांचा फलक.)

मार्च २०१७ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं शाळांचा निधी अपुरा ठरवला. त्याच महिन्यात विधिमंडळानं मंजूर केलेला मेडिकेडचा, म्हणजे गरिबांच्या सरकारी आरोग्य विम्याचा, विस्तार ब्राउनबॅक यांनी नकाराधिकार वापरून अडवला. करांच्या बाबतीत मात्र त्यांचं चाललं नाही. करकपात मागं घेणाऱ्या विधेयकावरचा त्यांचा नकाराधिकार ६ जूनला मोडून काढला गेला. सिनेटमध्ये २७ विरुद्ध १३, खालच्या सभागृहात ८८ विरुद्ध ३१. दोन्हीकडे बहुमत रिपब्लिकनांचंच होतं. पुढच्या जानेवारीत ब्राउनबॅक राजीनामा देऊन ट्रम्प सरकारात राजदूत झाले.

धंद्यावरची सवलत अशी पाच वर्षांत गेली. किराण्यावरचा कर मात्र राहिला. २०२२ मध्ये गव्हर्नर लॉरा केली यांनी तो टप्प्याटप्प्यानं काढण्याच्या कायद्यावर सही केली. २०२३ ला ४ टक्के, २०२४ ला २.

(दृश्य: पुन्हा तोच गल्ला. पावती.)

१ जानेवारी २०२५ पासून दुधापावावर राज्याचा कर शून्य. शहराचा आणि काउंटीचा अजून लागतो.