दारावरची थाप

श्रोतेहो, नमस्कार.

उत्तर प्रदेशातल्या खरक सिंग यांना १९४१ साली दरोड्याच्या आरोपाखाली पकडलं होतं. पुरावाच नव्हता, म्हणून सुटले. पण पोलिसांनी त्यांच्या नावाची हिस्ट्रीशीट, म्हणजे पाळत ठेवण्यासाठीची नोंदवही, उघडली. त्यांची तक्रार होती की चौकीदार आणि शिपाई रात्री-अपरात्री येतात, दार ठोठावतात, घरात शिरतात, झोपेतून उठवतात. परगावी जायचं तरी आधी वर्दी द्यायची!

ते थेट सर्वोच्च न्यायालयात गेले. डिसेंबर १९६२ मध्ये सहा न्यायमूर्तींनी निकाल दिला. रात्री घरी येऊन पाहणी करण्याचा पोलिसांचा नियम रद्द झाला. पण बहुमत म्हणालं, खासगीपणाचा हक्क आपल्या राज्यघटनेत नाही. न्यायमूर्ती सुब्बा राव यांना आणि त्यांच्यासोबत न्यायमूर्ती शहा यांना हे पटलं नाही. घटनेत तो शब्द नसला, तरी खासगीपणा हा व्यक्तिस्वातंत्र्याचाच गाभा आहे, असं त्यांनी लिहून ठेवलं.

शब्द का नाही, याची मला फार हळहळ वाटते. विनाकारण झडती घेता येऊ नये, असं कलम डॉ. आंबेडकरांच्या १९४७च्या मसुद्यात होतं. समित्यांच्या चर्चेत ते गळलं. डिसेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत मध्य प्रांत-वऱ्हाडचे सदस्य काझी सय्यद करीमुद्दीन यांनी तशीच दुरुस्ती मांडली. बाबासाहेबांनी तिला अनुकूलता दाखवली, तरीही ती फेटाळली गेली. मग १९५४ मध्ये एका झडतीच्या खटल्यात आठ न्यायमूर्तींनी नेमकं त्याच पोकळीवर बोट ठेवलं: अमेरिकेसारखं कलम आपल्याकडे नाही, म्हणून खासगीपणाचा हक्कही मानता येणार नाही.

मधल्या काळात फोन टॅपिंगसारख्या खटल्यांतून हा हक्क थोडाथोडा मान्य होत गेला. पण तो आठ जणांचा निकाल डोक्यावर होताच. त्यावर मात करायला नऊ न्यायमूर्ती हवे होते. कर्नाटकचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांनी २०१२ मध्ये आधारला आव्हान दिलं आणि त्यातूनच ते खंडपीठ बसलं. २४ ऑगस्ट २०१७ला नऊही जणांनी एकमुखानं सांगितलं: खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, आणि तो कलम २१ मधल्या जीविताच्या आणि स्वातंत्र्याच्या हक्कातच आहे.

सुब्बा रावांचं अल्पमतात पडलेलं मत जवळजवळ ५५ वर्षांनी बरोबर ठरलं. आता सरकारला आपल्या घरात, फोनमध्ये किंवा कागदपत्रांत डोकवायचं असेल, तर आधी कायदा दाखवावा लागतो, हेतू रास्त आहे हे पटवावं लागतं, आणि गरजेपेक्षा जास्त डोकावता येत नाही.

नमस्कार.