दरी फाटली की कापली?

श्रोतेहो, नमस्कार. कसाऱ्याचा घाट चढताना काळ्या कातळात मधेच एखादा तांबडा पट्टा दिसतो. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हा थरावर थर पसरत गेला. मधल्या उसंतीत वरचा खडक झिजून माती झाली, ती पुढच्या लाव्ह्याने विटेसारखी भाजली. तोच हा पट्टा.

भंडारदऱ्याजवळच्या सांदण दरीसारखी अरुंद घळ पाहिली की कुणीही म्हणतं, भूकंपाने डोंगर चिरला! ताडून पाहायचं तर असा ओळखीचा थर दोन्ही कड्यांवर शोधून त्याची उंची मोजायची. आपल्याकडचे थर जवळजवळ आडवे. एक अंश कल धरला तरी शंभर मीटरला फरक पावणेदोन मीटरचाच. तो दहा-वीस मीटर निघाला, तर प्रस्तरभंगाचा, म्हणजे भेगेच्या दोन बाजूंचे खडक सरकल्याचा, संशय घ्यायचा. खडक आडवा सरकला असेल तर मात्र ही खूण फसते. म्हणून उभी घुसलेली डाइक, म्हणजे भेगेत शिरून थिजलेल्या शिलारसाची भिंत, दरी ओलांडून सरळ जाते का, तेही बघायचं. आणि तळाचा कातळ अखंड असेल, तर डोंगर फाटलाच नाही.

मग पाण्याची सही शोधायची. निघोजला कुकडीच्या पात्रात रांजणखळगे आहेत ना, भोवऱ्यात गोटे फिरून कोरलेले? तसा अर्धा रांजण कड्यावर उंच दिसला, तर एके काळी पात्र तिथे होतं. पाणी वाट काढतं ती फटींतून. डाइक शेजारच्या खडकापेक्षा जास्त भेगाळलेली असेल तर तीच आधी धुऊन जाते, आणि दरी पट्टीने आखल्यासारखी सरळ होते.

वयाचा घोळ नेहमीचा: खडकाचं वय म्हणजे दरीचं वय नव्हे. अमेरिकेतल्या ग्रँड कॅन्यनच्या माथ्यावरचा चुनखडक सुमारे 27 कोटी वर्षांचा, तळाचे खडक 180 कोटींच्या घरातले. पण कोलोरॅडो नदीने ती बरीचशी कोरली गेल्या 50-60 लाख वर्षांत.

प्रत्यक्ष कामात दोन गोष्टी दगा देतात. वरून ओघळलेली तांबडी माती कड्यावर खोटा थर रंगवते. हातोडीने ढलपा काढून आतला ताजा खडक पाहावा. दुसरं, बेसॉल्टमध्ये, म्हणजे आपल्या या काळ्या कातळात, मॅग्नेटाइट हे चुंबकी खनिज असतं. होकायंत्र कातळावर टेकवलं की सुई भरकटते, म्हणून चार पावलं मागे सरून दिशा घ्यायची आणि समोरच्या टोकाहून उलटी ताडून पाहायची.