तंबू घेताय? आधी कापड चोळून बघा

नमस्कार मंडळी. परवा आमच्या गल्लीतलं एक पोरगं आलं, कॉलेजला हाय, दारातनंच ओरडलं, "मामा, हलका तंबू घ्यायचाय, बजेट पाच-सहा हजार, कुठला घेऊ?" मी म्हटलं आधी तुझी सॅक आण, वजन करू. कोपऱ्यावरच्या वाण्याच्या काट्यावर ठेवली तर मोकळी सॅकच दोन किलोच्या वर, आत जाडजूड जीन्स दोन, स्टीलचा डबा, पॉवरबँका दोन आणि आईनं दिलेली सोलापुरी चादर. आता ह्याला एक किलोचा तंबू देऊन काय होणार ओ? जीन्स घरात ठेवल्या की किलोभर वजन फुकटात कमी होतंय. असो, पोरगं तंबूसाठी आलंय तर तंबूचंच बोलू.

अल्ट्रालाइट म्हणजे काय, तर ढोबळ हिशोबानं माणशी एक किलोच्या आसपास किंवा त्याच्या आत. बाजारात जो गोल घुमटाचा स्वस्त तंबू मिळतोय तो अडीच-तीन किलोचा असतोय, काही तर त्याच्याही वर. मग हे वजन उतरतं कशानं? निम्मं तर कापडानं. आणि कापड म्हटलं की आमच्या बेळगावातल्या वडगाव-शहापूरच्या माणसाला कुणी शिकवायचं काय? आमचे बाबा मागावर बसायचे, आजही दुकानात गेले की साडीची किंमत विचारायच्या आधी अंगठा आणि बोटात धरून चोळून बघतात. तंबूचं कापड पण असंच बघायचं, फरक एवढाच की चोळायच्या आधी त्याच्यावर काय लिहिलंय ते वाचायचं.

लिहिलेलं असतंय 15 डी, 20 डी, 68 डी असं. डी म्हणजे डेनिअर. नऊ हजार मीटर धागा घेतला तर त्याचं वजन किती ग्रॅम, तो आकडा. म्हणजे बेळगाव स्टँडवरनं सांबऱ्याकडं निघालात तर एअरपोर्ट जवळ येईपर्यंत लांबेल एवढा धागा, आणि वजन फक्त पंधरा ग्रॅम! बाबांना सांगितलं तर म्हणाले, एवढ्या बारीक धाग्याला मागावर हात लावायला पण भ्या वाटंल. त्यामुळं असला तंबू काट्याकुट्यात आपटून चालत नाही, हे आधी डोक्यात घ्या. स्वस्तात 20 डी बरा पडतो, थोडं वजन जास्त, खरं जीवाला घोर नाही.

आता नायलॉन की पॉलिएस्टर. इथं मी जरा हट्टी हाय. नायलॉन ताकदीला चांगलं, खरं ते पाणी पितं आणि ओलं झालं की सैल पडतं. रात्री झोपताना ताणून बांधलेला तंबू दोन वाजता तोंडावर येतो, मग उठा, बॅटरी शोधा, दोऱ्या ओढा. आपल्याकडं कणकुंबी, चोर्ला, आंबोली ह्या पट्ट्यात पाऊस आणि धुकं कसं असतंय तुम्हाला सांगायला नको. आपल्या हवेला सिलिकॉन लावलेलं पॉलिएस्टर बरं, ते तेवढं ढिलं पडत नाही. डायनिमा म्हणून एक कापड येतंय, ते तर ताणतच नाही आणि हलकं पण लई, खरं त्याच्या किमतीत सेकंडहँड स्कूटर येईल, सोडून द्या.

दुसरा आकडा असतोय पाण्याचा, 1500 मिमी, 3000 मिमी. म्हणजे त्या कापडावर तेवढ्या उंचीचा पाण्याचा खांब उभा केला तरी थेंब आत येत नाही असं. वरच्या कापडाला दीड ते तीन हजार पुरतंय, खालच्या जमिनीच्या कापडाला जरा जास्त बघा कारण गुडघा टेकला की दाब पडतो. पाच हजार, दहा हजार बघून भुलू नका, पाणी अडवायचा लेप वाढला की वजन पण वाढतं.

आणि हा आकडा कापडाचा, शिलाईचा नव्हे! माझी फजिती सांगतो. ऑनलाइन एक तंबू मागवला होता, कंपनीचं नाव घेत नाही, वर मोठ्या अक्षरात वॉटरप्रूफ. पारगडला नेला, जूनची पहिली सर आली आणि कापडातनं एक थेंब नाही, शिलाईच्या भोकाभोकातनं मात्र टप टप टप. उठून भवानीच्या देवळात जाऊन पथारी टाकली, कोरडं ठाक. (खरं सांगायचं तर आपल्या बाजूच्या निम्म्या गडांवर तंबू लागतच नाही, गावकऱ्यांना नीट विचारलं तर देऊळ नाहीतर शाळेचा व्हरांडा मिळतोय.) घरी येऊन दुसरी चूक केली, ओलाच गुंडाळून माळ्यावर टाकला. दिवाळीत काढला तर आतला लेप चिकट झालेला आणि वास तर असा की बायकोनं घरात आणू दिला नाही. पीयू म्हणजे पॉलियुरेथेन, त्या लेपाचं हेच असतंय, दमट ठेवलं की तो कुजल्यासारखा सुटतो. तंबू परत आणला की सावलीत पूर्ण वाळवायचा, मगच माळ्यावर.

सिलिकॉनच्या कापडाला कारखान्यातली टेप चिकटत नाही, म्हणून बरेच तंबू शिलाई उघडी ठेवूनच येतात. घाबरू नका. हार्डवेअरच्या दुकानात पारदर्शक सिलिकॉन सीलंट मिळतंय, शंभर टक्के सिलिकॉन बघून घ्या, ॲक्रेलिक नको, ते टर्पेंटाइनमध्ये पातळ करायचं आणि जुन्या ब्रशनं शिलाईवर ओढायचं. उघड्यावर करा, वास लई.

आता काठ्यांचं. बऱ्याच हलक्या तंबूत त्याच्या स्वतःच्या काठ्याच नसतात, चालताना हातात धरायच्या ट्रेकिंग पोलवरच तो उभा राहतो. चीनच्या थ्री एफ यूएल कंपनीचा लानशान असाच, दोन माणसांचा साधारण एक किलो शंभर-दोनशे ग्रॅम. वस्तू चांगली, खरं बाहेरनं मागवला की कस्टम पडतंय आणि त्या पोराच्या बजेटच्या बाहेर जातंय. शिवाय पोल नसतील तर ते वेगळे घ्यायचे, ते कोण धरतंय हिशोबात? ह्या तंबूची दुसरी गोष्ट म्हणजे तो खुंट्यांवर उभा असतो, खुंट्या निघाल्या की संपलं. आणि आपल्याकडं वर सगळा जांभ्याचा सडा, म्हणजे सपाट उघडा कातळ! चोर्ल्याला नाहीतर पारगडाच्या माथ्यावर खुंटी ठोकून बघा, खुंटी वाकेल, दगड हलणार नाही. म्हणून पाच-सहा मीटर बारीक दोरी जास्तीची न्यायची आणि मोठ्या दगडांना बांधायची. सड्यावरच जास्त जाणार असाल तर स्वतःच्या काठ्यांवर उभा राहणाराच घ्या, त्यात नेचरहाइकचा क्लाउड अप दीड-पावणेदोन किलोत येतो. काठ्या ॲल्युमिनियमच्या बघा, फायबरच्या जड असतात आणि चिरल्या की हातात कुसळं.

एकाच कापडाचा की आत जाळीचा वेगळा? आपल्या हवेत दोन थरांचा. एकाच थराच्या तंबूत श्वासाची वाफ कापडाला लागून रात्रभर पाणी गळतं, सकाळी वाटतं तंबू फुटला, फुटलेला नसतोय, तुमचंच पाणी असतंय ते. ओढ्याच्या काठाला खोलगट जागेत लावू नका, जरा वर, झाडाखाली, आणि हवेची भोकं थंडी असली तरी उघडी ठेवा. भीमगडच्या बाजूला तर आधी जंगल खात्याची परवानगी, नाहीतर तंबूच उघडू नका.

वजन वाचताना पण फसायला होतं. कंपनी बरेचदा खुंट्या आणि पिशवी सोडून वजन लिहिते, म्हणून आल्यावर काट्यावर टाकून बघा. आणि दोन माणसांचा म्हणजे दीड माणसाचा समजा.

एम्मा गेटवुड नावाची अमेरिकेतली आजी होती, अकरा पोरांची आई. 1955 साली, वयाच्या 67 व्या वर्षी, ॲपलेशियन ट्रेल म्हणजे तीन हजार किलोमीटरच्या वरची वाट एकटीनं चालली. तंबू नव्हताच. स्वतः शिवलेली झोळी खांद्यावर आणि पावसाला न्हाणीघरातला प्लास्टिकचा पडदा. पोराला ही गोष्ट सांगितली तर म्हणतं, मामा, आमच्या आईला सांगू नका, पडदाच देईल.

शेवटी काय ठरलं? डेकॅथलॉनचा साधा दोन माणसांचा, अडीच किलोच्या आसपासचा, बजेटमध्ये बसणारा. म्हणाल एवढं सगळं सांगून हाच? मग, दोघं जाणार की ते! वरचं कापड आणि खुंट्या एकाच्या सॅकेत, आतली जाळी आणि काठ्या दुसऱ्याच्या, माणशी सव्वा किलो झालं. खाली अंथरायला शेतात वापरतात तो प्लास्टिकचा कागद, तंबूच्या तळापेक्षा चार बोटं लहान कापून, मोठा ठेवला तर पावसाचं पाणी त्याच्यावरनं आत येतं.

काल आमच्या गच्चीवर उभा केला आणि नळाची पाइप लावून अर्धा तास पाणी मारलं. बाबा पण वर आले, ओलं कापड दोन बोटात धरून चोळलं, म्हणाले, "विण सैल हाय, खरं ह्या किमतीत बरा." एका कोपऱ्यात थोडं पाणी आलंय, तिथं उद्या सीलंट लावणार. रविवारी दोघं वैजनाथच्या डोंगराला घेऊन जाणार हायत. चला, येतो. नमस्कार.