पायरी कोणी झाडायची? जेरुसलेमच्या पवित्र कबरीची वहिवाट

श्रोतेहो, आजचा विषय जेरुसलेमच्या जुन्या शहरातील एका चर्चचा आहे. येशूला जेथे क्रुसावर खिळले ती गुलगुथाची जागा आणि जेथे त्याला ठेवले ती कबर, ही दोन्ही स्थाने तेथे एकाच छपराखाली आहेत, अशी बहुसंख्य ख्रिस्ती लोकांची श्रद्धा आहे. आपण त्याला पवित्र कबरीचे चर्च म्हणतो. ग्रीक परंपरेत ते पुनरुत्थानाचे चर्च आहे. कॉन्स्टन्टाईन सम्राटाने उभारलेल्या मूळ वास्तूची प्रतिष्ठापना ३३५ साली झाली, १००९ साली फातिमी खलिफा अल-हाकिम याच्या आज्ञेने ती पाडली गेली, त्याच शतकात बायझंटाईन सम्राटांनी ती पुन्हा बांधली, आणि आज दिसणाऱ्या रचनेचा बराचसा भाग बाराव्या शतकातील क्रुसेडरांचा, म्हणजे युरोपातून आलेल्या ख्रिस्ती धर्मयोद्ध्यांचा आहे. बांधकामाचा इतिहास एवढा पुरे. मला बोलायचे आहे ते या एका इमारतीत सहा ख्रिस्ती पंथ कोणत्या नियमाने नांदतात, आणि त्यांची भांडणे शतकानुशतके मिटत का नाहीत, याविषयी.

ग्रीक ऑर्थोडॉक्स, रोमन कॅथलिकांच्या (येथे त्यांना ‘लॅटिन’ म्हणतात) वतीने फ्रान्सिस्कन मठवासी, आणि आर्मेनियन हे तीन मोठे हक्कदार आहेत. कॉप्टिक (म्हणजे इजिप्तमधील ख्रिस्ती), सिरियन ऑर्थोडॉक्स आणि इथिओपियन या तीन धाकट्या पंथांकडे एखादे उपासनागृह, एखादा कोपरा, छपराचा एक तुकडा, एवढेच आहे. प्रॉटेस्टंटांना यात वाटाच नाही, कारण ते आले तेव्हा वाटण्या होऊन गेल्या होत्या; त्यांच्यातील पुष्कळांनी एकोणिसाव्या शतकापासून शहराच्या तटाबाहेरची एक वेगळी कबर मानली आहे. मुख्य दाराची किल्ली एका मुसलमान घराण्याकडे असते आणि दार उघडण्याचा मान दुसऱ्या मुसलमान घराण्याकडे. ही व्यवस्था सलाहुद्दीनने ११८७ साली शहर घेतले तेव्हापासूनची असल्याचे परंपरा सांगते. रात्री हे दार बाहेरून बंद होते आणि तिन्ही मोठ्या पंथांचे काही मठवासी आतच राहतात. कोणत्या प्रहरी कोणाची प्रार्थना आणि कोणाची मिस्सा (प्रभुभोजनाचा विधी), धूप फिरवण्याचा क्रम कोणता, मिरवणूक कोणत्या खांबापाशी वळायची, हे सारे ठरलेले आहे. इतके ठरलेले की देशाची घड्याळे उन्हाळ्यात एक तास पुढे सरकली तरी या चर्चचे घड्याळ सरकत नाही.

वृत्तपत्रांना या जागेची आठवण होते ती मारामारी झाली की. नोव्हेंबर २००८ मध्ये पवित्र क्रुसाच्या सणाच्या मिरवणुकीत ग्रीक आणि आर्मेनियन धर्मगुरू एकमेकांवर धावून गेले, इस्रायली पोलिसांना आत शिरावे लागले, आणि ती चित्रे जगभर दाखवली गेली. अशा वेळी ‘प्रेमाची शिकवण देणारे पाहा कसे गुद्द्यांवर आले’ असे म्हणून लोक हसतात. मला हे हसणे उथळ वाटते. आपल्याकडे पालखीला पहिला खांदा कोणाचा यावरून गावेच्या गावे कोर्टाची पायरी चढतात, तेव्हा वाद खांद्याचा नसतो, हे आपण जाणतो. जेरुसलेममध्येही गुद्दे हे वरवरचे लक्षण आहे. खाली एक नियम आहे, आणि तो समजून घेतला तर भांडणारे मठवासी मूर्ख ठरत नाहीत. उलट ते फार काटेकोर हिशेबनीस वाटू लागतात.

तो नियम असा की येथे कृती हाच पुरावा आहे. कोणते स्थान कोणाचे, याची सर्व पंथांनी मान्य केलेली तपशीलवार यादी अस्तित्वात नाही. ब्रिटिश अमलात एल. जी. ए. कस्ट या अधिकाऱ्याने १९२९ साली प्रशासनाच्या उपयोगासाठी रूढींची एक नोंद तयार केली, आणि तिच्यात काही तत्त्वे स्पष्ट मांडली आहेत. छप्पर किंवा फरशी दुरुस्त करण्याची परवानगी ज्याला मिळाली, त्याची त्या भागावरची अनन्य मालकी मान्य झाली असे समजले जाते. भिंतीवर किंवा खांबावर दिवा अथवा चित्र टांगण्याचा, इतकेच नव्हे तर टांगलेला दिवा हलवण्याचा हक्क म्हणजे त्या भिंतीवरचा, त्या खांबावरचा हक्क. आणि एखाद्या उपासनागृहात दुसऱ्या पंथाला धूप दाखवण्याचा अधिकार असेल, तर पहिल्याची मालकी पूर्ण नाही. एकदा हे ध्यानात घेतले की झाडू, खिळा, शिडी, सतरंजी या प्रत्येक वस्तूला दस्तऐवजाचे वजन येते. दुसऱ्याने आपल्या जागेची धूळ झाडली आणि आपण गप्प राहिलो, तर उद्या ती वहिवाट होते.

१९०१ सालचा प्रसंग या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. चर्चसमोरच्या अंगणातून एका बाजूच्या लॅटिन उपासनागृहाकडे एक जिना जातो. अंगण झाडण्याचा हक्क ग्रीकांचा, जिना झाडण्याचा लॅटिनांचा. प्रश्न एवढाच होता की सर्वांत खालची पायरी अंगणात मोडते की जिन्यात. या एका पायरीवरून फ्रान्सिस्कन आणि ग्रीक यांच्यात रक्तपात झाला आणि प्रकरण थेट परराष्ट्रांच्या वकिलातींपर्यंत पोहोचले. बेथलेहेमच्या, येशूच्या जन्मस्थानाच्या चर्चमध्येही हाच नियम लागू आहे. तेथे २८ डिसेंबर २०११ रोजी, सणासाठी सफाई चालू असताना, सुमारे शंभर ग्रीक आणि आर्मेनियन धर्मगुरूंनी एकमेकांवर झाडू उगारले आणि पॅलेस्टिनी पोलिसांना मध्ये पडावे लागले.

या सगळ्याला आजचे गोठलेले रूप आले ते कॉन्स्टॅन्टिनोपलच्या ओटोमन (तुर्की) दरबारात. त्याआधी दोन शतके ताबा या हातातून त्या हातात जात होता, आणि प्रत्येक बदलामागे कॉन्स्टॅन्टिनोपलमध्ये खर्च झालेला पैसा आणि युरोपीय राजांचे वजन असे. १६९० साली लॅटिनांचे पारडे जड झाले. १७४० च्या करारात फ्रान्सने ते लेखी पक्के करून घेतले. १७५७ साली झावळ्यांच्या रविवारच्या (ईस्टरच्या आधीच्या रविवारच्या) सुमारास ग्रीकांनी दंगल केली आणि त्यानंतर सुलतानाने काढलेल्या फर्मानाने मुख्य स्थाने ग्रीकांकडे गेली. १८०८ च्या आगीनंतर पुनर्बांधणीची परवानगी ग्रीकांनी मिळवली, आणि दुरुस्ती म्हणजे मालकी या न्यायाने त्यांची बाजू आणखी भक्कम झाली. त्याच उलथापालथीत गॉडफ्री आणि बाल्डविन या पहिल्या क्रुसेडर राज्यकर्त्यांची थडगी नाहीशी झाली, हे लॅटिन पक्ष अजून विसरलेला नाही.

पुढची पायरी अधिक भीषण आहे. १८४६ साली पाश्चात्य आणि पौर्वात्य अशा दोन्ही ख्रिस्ती पंचांगांतील ईस्टर एकाच दिवशी आला. शुभ शुक्रवारी गुलगुथाच्या वेदीपाशी लॅटिन पोहोचले तर ग्रीकांनी आधीच आपले वस्त्र वेदीवर अंथरलेले. कोणाला पहिला हक्क ते फर्मान दाखवा, अशी मागणी झाली, आणि त्या झटापटीत चाळीसहून अधिक माणसे मेली. पुढच्याच वर्षी बेथलेहेममधील जन्मस्थानावरचा चौदा टोकांचा चांदीचा तारा चोरीस गेला. त्याच्यावर लॅटिन लेख कोरलेला होता, म्हणजे तो लॅटिन हक्काचा चांदीतला पुरावाच होता. आळ ग्रीकांवर आला. तिसऱ्या नेपोलियनने कॅथलिकांचा कैवार घेतला, झार पहिल्या निकोलसने ऑर्थोडॉक्स प्रजेचा. फेब्रुवारी १८५२ मध्ये सुलतान अब्दुल मजीदने फर्मान काढून जैसे थे परिस्थिती कायम केली, परंतु त्याच वर्षाअखेर फ्रान्सच्या दबावाखाली बेथलेहेमच्या मुख्य दाराची किल्ली लॅटिनांनाही दिली. झारचा दूत मेन्शिकोव्ह १८५३ मध्ये कॉन्स्टॅन्टिनोपलला आला तो या अपमानाची भरपाई मागायला, आणि त्याच वर्षी क्रिमियन युद्ध पेटले. किल्लीमुळे युद्ध झाले असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल, कारण रशियाचा डोळा ओटोमन साम्राज्याच्या मोडकळीवर होताच; पण सैन्ये हलवण्याजोगे कारण या किल्लीने पुरवले. युद्धानंतरही व्यवस्था तीच राहिली. १८७८ च्या बर्लिन कराराच्या ६२ व्या कलमाने पवित्र स्थानांतील जैसे थे स्थितीत बदल करता येणार नाही असे ठरवले, आणि एका सुलतानाचा तात्पुरता तोडगा आंतरराष्ट्रीय कायद्यात जाऊन बसला.

ब्रिटिश आले तेव्हा, राष्ट्रसंघाने पॅलेस्टाईनचा कारभार त्यांच्याकडे सोपवणाऱ्या आदेशपत्रात हे हक्क तपासण्यासाठी आयोग नेमण्याची तरतूद होती. आयोगात कोण असावे यावरच एकमत होईना, म्हणून तो कधी नेमला गेला नाही. १९२४ साली ब्रिटिशांनी पवित्र स्थानांचे वाद न्यायालयांच्या कक्षेबाहेर काढले. निकाल देणे टाळण्याचा हा निर्णय भित्रेपणाचा दिसतो. मला तो शहाणपणाचा वाटतो. जेथे प्रत्येक पक्षाकडे कोणत्या ना कोणत्या काळातले अस्सल फर्मान आहे, तेथे न्यायाधीश नेमका कोणता काळ निवडणार?

या शहाणपणाची किंमत मात्र इमारतीने मोजली. दुरुस्ती करणारा मालक ठरतो, म्हणून कोणी कोणाला दुरुस्ती करू देत नाही. १९२७ च्या भूकंपाने चर्च खिळखिळे झाले, तरी कबरीवरच्या लहान मंडपाला ब्रिटिशांनी १९४७ साली लोखंडी तुळयांचा पिंजरा घालून कसाबसा उभा ठेवला, आणि तो ‘तात्पुरता’ पिंजरा सत्तर वर्षे तसाच राहिला. दर्शनी खिडकीखालची, वादाच्या भीतीने कोणी हलवत नाही अशी ती प्रसिद्ध शिडी बहुतेकांनी चित्रात पाहिली असेल. १७२८ च्या एका कोरीव चित्रातही ती आहे. पर्यटकांना तिचे फार कौतुक. मला तिच्यापेक्षा येशूला कबरीत ठेवणाऱ्या अरिमथाईकर योसेफाच्या नावाने ओळखले जाणारे सिरियन उपासनागृह अधिक बोलके वाटते. त्याच्या भिंती आगीने काळवंडल्या आहेत, आणि जागा सिरियनांची की आर्मेनियनांची हा वाद असल्यामुळे त्यांना कोणी हात लावलेला नाही.

मग २०१६ साली मंडपाची दुरुस्ती कशी झाली? १९५९ च्या सुमारास तिन्ही मोठ्या पंथांनी सामाईक दुरुस्तीचे तत्त्व मान्य केले होते, त्यामुळे खांब आणि घुमट यांची कामे हळूहळू झाली. कबरीला मात्र कोणी हात लावत नव्हते. फेब्रुवारी २०१५ मध्ये मंडप धोकादायक झाल्याचे सांगून इस्रायली पोलिसांनी तो काही तासांसाठी बंद केला. भाविकांना येशूच्या कबरीपासून सरकारी पोलिसाने अडवावे, हे कोणत्याच पंथाला सोसणारे नव्हते. आपण एकत्र आलो नाही तर सरकार आत येईल, हे एकदा दिसल्यावर वर्षभरात करार झाला. खर्च तिघांनी उचलला, जॉर्डनचे राजे दुसरे अब्दुल्ला आणि पॅलेस्टिनी अध्यक्ष महमूद अब्बास यांनीही वाटा दिला, काम अथेन्सच्या तंत्रविद्यापीठातील तज्ज्ञांनी केले. ऑक्टोबर २०१६ मध्ये कबरीवरची संगमरवरी शिळा कित्येक शतकांनंतर बाजूला झाली आणि २२ मार्च २०१७ रोजी मंडप पुन्हा खुला झाला. खर्च सामाईक, म्हणून मालकीचा दावा कोणाचाच वाढला नाही. नियम मोडला गेला नाही, त्याच्या कक्षेत राहूनच काम झाले. २०२२ मध्ये फरशीचे कामही याच पद्धतीने सुरू झाले.

हे जमले ते तीन मोठ्यांना. छपरावरच्या दैर अस-सुलतान या मठात इथिओपियन मठवासी मातीच्या लहान खोल्यांत राहतात, आणि त्या जागेवर कॉप्टिक पंथाचाही दावा आहे. १९७० च्या ईस्टरच्या रात्री कॉप्टिक मठवासी खाली प्रार्थनेत असताना इथिओपियनांनी वाटेवरच्या दारांची कुलपे बदलली. १९७१ साली इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयाने किल्ल्या कॉप्टांना परत द्याव्यात असे म्हटले, पण अंमलबजावणी सरकारवर सोपवली, आणि इजिप्त की इथिओपिया, कोणाला दुखवायचे, या पेचात सरकारने ती आजवर केलेली नाही. आपला ताबा सोडला नाही हे दाखवायला एक कॉप्टिक मठवासी छपरावर खुर्ची टाकून बसत असे. जुलै २००२ च्या उन्हात त्याने ती सावलीकडे सरकवली, आणि त्यावरून झालेल्या मारामारीत अकरा मठवासी जखमी झाले. ऑक्टोबर २०१८ मध्ये तेथील इथिओपियन उपासनागृहाची दुरुस्ती इस्रायली सरकारने स्वतः हाती घेतली. आपल्या संमतीवाचून झालेली दुरुस्ती म्हणजे इथिओपियनांच्या मालकीला मान्यता, असे म्हणत कॉप्टिक मठवासी दारात बसले, आणि पोलिसांनी त्यांना ओढून बाजूला केले. मठाचा वाद तसाच पडून आहे, किल्ल्या इथिओपियनांकडेच आहेत.