अहवाल मागून उघडायचा

नमस्कार, श्रोतेहो.

बँकेत असताना माझ्याकडे मोठ्या कंपन्यांचे कर्जप्रस्ताव तपासणीला यायचे. सोबतचा वार्षिक अहवाल मी नेहमी मागून उघडायचो. पुढच्या गुळगुळीत पानांवर गणवेशातली मुलं, शिलाई मशीन आणि वृक्षारोपण असायचं. रोप कोणत्या साहेबांच्या हातात आहे ते दिसायचं, पुढे ते जगलं का, ते कळायचं नाही! मागे बारीक अक्षरात ताळेबंदाच्या टिपा. कोर्टातले दावे तिथे सापडायचे.

2014 पासून आपल्याकडे ठरावीक आकारापुढच्या कंपन्यांना तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्यातले 2 टक्के समाजकार्यावर खर्चावे लागतात. चांगलंच आहे. पण काही संचालकांना हा विम्याचा हप्ता वाटतो. तसा तो नाही. कंपनी पैसा वाटते कुठे, यापेक्षा तो कमावते कसा, यावर तिची जोखीम ठरते.

ओडिशातल्या लांजीगडचंच बघा. नियमगिरी डोंगराच्या पायथ्याशी वेदांत समूहाने ॲल्युमिना, म्हणजे ज्यापासून ॲल्युमिनियम बनतं ती भुकटी, शुद्ध करण्याचा कारखाना उभारला, वर्षाला 10 लाख टनांचा. त्याचा कच्चा माल, बॉक्साइट, डोंगरमाथ्यावर, आणि तो डोंगर म्हणजे डोंगरिया कोंध आदिवासींचा देव, नियमराजा. खाणीची परवानगी पक्की नसताना कारखाना आधी उभा राहिला. कंपनीने गावांत बालवाड्या चालवल्या, मुलांना जेवण दिलं. ती कामं खोटी नव्हती. पण लोकांचा प्रश्न डोंगराचा होता, बालवाडीचा नव्हता.

पैसेवाल्यांना हे लवकर उमगलं. 2007 मध्ये नॉर्वेच्या सरकारी पेन्शन फंडाने वेदांतला आपल्या गुंतवणुकीच्या यादीतून वगळलं. 2010 मध्ये चर्च ऑफ इंग्लंडने शेअर विकले. डिसेंबर 2012 मध्ये बॉक्साइटअभावी कारखाना काही महिने बंद पडला. आता बँकवाल्याच्या नजरेने बघा: भट्टी थंड झाली म्हणून कर्जाचं व्याज थांबत नाही.

एप्रिल 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं, ग्रामसभांना विचारा. बारा गावं निवडली गेली. जिल्हा न्यायाधीशांच्या देखरेखीखाली सभा झाल्या, आणि बाराच्या बारा गावांनी खाणीला नकार दिला. काही गावं तर इतकी लहान, की सगळे मतदार आपल्या एका एसटीत मावले असते.

कारखाना पुढे पुन्हा सुरू झाला. पण बॉक्साइट आणायचं ते बाहेरून, गाडीभाडं भरून. डोंगर मात्र फाटकातून दिसतो.