शेजारी, संसद आणि प्राग

नमस्कार श्रोतेहो.

संसद आणि परिषद हे शब्द रोज बातम्यांत आपल्या कानांवर पडतात. दोन्हींत धातू एकच, 'सद्', म्हणजे बसणे. 'सम्' लागला की एकत्र बसणं, 'परि' लागला की भोवती बसणं. हेच बसणं आज लॅटिन आणि चेक भाषांत शोधू या.

चेक माणूस शेजाऱ्याला 'सोउसेद' म्हणतो. त्यातला 'सोउ' म्हणजे आपला 'सम्' आणि 'सेद' म्हणजे आपला 'सद्'. प्रागमधला शेजारी आणि आपली संसद, दोघांची घडण एकच! मला हे पहिल्यांदा उमगलं, त्या दिवशी दुसरं काही सुचेना.

हे उपसर्ग मुळात सुटे शब्द. ऋग्वेदात ते क्रियापदापासून दूर, मध्ये इतर शब्द घेऊनही उभे असतात. लॅटिनमध्ये 'विनवणी करतो' याला 'ओब्सेक्रो' म्हणत, पण जुन्या प्रार्थनेत 'ओब वोस साक्रो' असं येतं. मधला 'वोस' म्हणजे 'तुम्हाला'. पुढे जोड पक्की झाली, आघात पहिल्या अक्षरावर पडू लागला आणि धातूचा स्वर दबला. 'साक्रो'चं 'सेक्रो' झालं, तसंच 'सेदेरे' म्हणजे बसणे, पण पुढे बसणे 'प्रायसिदेरे'.

चेक उपसर्गाला आणखी एक काम असतं. 'प्साल' म्हणजे तो लिहीत होता. 'नाप्साल' म्हणजे त्यानं लिहून पुरं केलं. आपण 'लिहून काढलं', 'लिहून टाकलं' म्हणतो. आपलं मदतनीस क्रियापद मागून येतं, त्यांचा इवलासा 'ना' पुढून येतो.

पुन्हा बसण्याकडे येऊ. 'प्रायसिदेरे'वरून प्रेसिडेंट आला, पुढे बसणारा. चेक भाषेत अध्यक्षाला 'प्रशेदसेदा' म्हणतात. 'प्रशेद' म्हणजे पुढे, अर्थ तोच. आणि लॅटिनचा 'दिस', म्हणजे वेगळं, दूर, लागला की 'दिसिदेरे', दूर बसणं. असहमत माणसाला डिसिडंट म्हणतात तो शब्द इथला.

चेकोस्लोव्हाकियात 1977 साली मानवी हक्कांसाठी 'चार्टर 77' हा जाहीरनामा निघाला. त्याच्या पहिल्या प्रवक्त्यांपैकी एक होते नाटककार वात्स्लाव हावेल. सत्तेपासून दूर बसलेले, म्हणून त्यांनी तुरुंग भोगला. 29 डिसेंबर 1989 रोजी तेच देशाचे राष्ट्राध्यक्ष झाले. धातू तोच राहिला, 'दिस'च्या जागी 'प्राय' आला.

नमस्कार.